दोन सेंटिमीटरचं कुपोषण: अंगणवाडी सेविकेला मोजायला पुन्हापुन्हा का शिकवावं लागतं?

‘गेल्या महिन्यात माझ्या पोराचं नाव सॅमच्या यादीत होतं. या महिन्यात म्हणतात मॅम. जेवण तेच, घर तेच, पोरही तसंच किडकिडीत. मग बदललं काय?’ हा प्रश्न अंगणवाडीच्या दारात दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. दुसरीकडे गावातले लोक कुरकुरत असतात, की सेविकाताई पुन्हा तीन दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि अंगणवाडी मदतनीस एकट्या सांभाळतायत. वजन करायला आणि उंची मोजायला असं किती शिकायचं असतं?

या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. लहान मूल मोजणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि ते ज्या पद्धतीनं शिकवलं जातं त्यातली बरीचशी पद्धत कामाची नाही.

आधी ‘सॅम’ म्हणजे काय ते बघू

एका मुलाबद्दल अंगणवाडीत तीन प्रश्न विचारले जातात. वयाच्या मानानं वजन किती? वयाच्या मानानं उंची किती? आणि उंचीच्या मानानं वजन किती? पहिल्यात मूल मागे असेल तर ते ‘कमी वजनाचं’. दुसऱ्यात मागे असेल तर खुजं, म्हणजे बरेच महिने पोषण कमी पडल्याची खूण. तिसऱ्यात मागे असेल तर लुकडं, म्हणजे अलीकडेच शरीर झडलेलं. जिवाला धोका सगळ्यात जास्त या तिसऱ्या प्रकारात, म्हणून धावपळ त्याचीच होते. त्यातलं फार मागे पडलेलं मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे बोलीत ‘सॅम’. थोडं मागे पडलेलं मध्यम तीव्र कुपोषित, म्हणजे ‘मॅम’.

मागे म्हणजे कुणाच्या मागे? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली निरोगी, आईचं दूध प्यायलेली, खात्यापित्या घरची मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यावरून २००६ मध्ये तक्ते निघाले आणि आज पोषण ट्रॅकर हे ॲप त्याच तक्त्यांशी आपल्या मुलाची तुलना करतं. ‘ही गोऱ्यांची मापं, आपली मुलं मुळातच बारीक’ असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

आता कल्पना करा, सारख्याच उंचीची एक हजार निरोगी मुलं प्रार्थनेच्या रांगेत उभी आहेत, सगळ्यात हलकं मूल पुढे आणि सगळ्यात जड मागे. तुमच्या मुलाचं वजन पुढच्या साधारण तेविसाव्या मुलाहूनही कमी असेल तर ते मॅमच्या रेषेखाली. अगदी पहिल्या मुलाच्याही खाली असेल तर सॅम. तक्त्यांवर या रेषांना उणे दोन आणि उणे तीन म्हणतात. निरोगी मुलांच्या रांगेत तिथे जवळजवळ कुणीच नसतं, म्हणून तिथे सापडलेल्या मुलाकडे लगेच लक्ष द्यायचं.

गंमत अशी की या रेषा अगदी दाटीवाटीनं बसलेल्या आहेत. ८० सेंटिमीटर लांबीच्या मुलग्याची सॅमची रेषा साधारण ८.२ किलोवर आहे. त्या टप्प्यात लांबी एक सेंटिमीटरनं वाढली की रेषा दीडशे ग्रॅमच्या आसपास वर सरकते. समजा, एका मुलाचं वजन ८.१ किलो आणि खरी लांबी ८०.५ सेंटिमीटर. हे मूल सॅम आहे. त्याची लांबी चुकून ७८.५ भरली, तर तेच मूल त्याच वजनाला मॅम होतं. दोन सेंटिमीटर म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढंच अंतर. पण तेवढ्यानं त्याचं नाव ग्राम बाल विकास केंद्राच्या, म्हणजे गावातच कुपोषित मुलांना जास्तीचा आहार देणाऱ्या केंद्राच्या, यादीतून निघून जातं.

हे दोन सेंटिमीटर हरवतात कुठे

दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजतात, दोन वर्षांवरचं उभं करून. झोपवून मोजायच्या फळीला इन्फँटोमीटर म्हणतात. एका टोकाला पक्की बसवलेली डोक्याची पाटी, दुसऱ्या टोकाला सरकणारी पायाची पाटी.

फळी सपाट, कडक जागी ठेवायची. सतरंजीवर ठेवली की ती मधोमध दबते. मुलाची टोपी काढायची, केसांतल्या पिना काढायच्या. मदतनीस ताई डोक्याच्या बाजूला गुडघे टेकून बसतात आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत डोकं धरून टाळू पाटीला टेकवतात. मुलाची नजर सरळ वर छताकडे हवी. हनुवटी छातीकडे झुकली किंवा डोकं मागे पडलं, की अर्धा-एक सेंटिमीटर तिथेच गेला. सेविका पायाच्या बाजूला. डावा हात मुलाच्या दोन्ही गुडघ्यांवर हलकेच दाबून पाय सरळ करायचे, उजव्या हातानं पायाची पाटी सरकवत आणायची. दोन्ही तळपाय पाटीला पूर्ण टेकलेले, बोटं वर छताकडे. पाटी टेकली की लगेच आकडा वाचायचा, मिलिमीटरसकट, मोठ्यानं बोलून. मग मूल उचलायचं, पुन्हा ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं.

इथे हमखास होणारी चूक एकच. मूल रडतं, पाय आखडतं. आई म्हणते, ‘जाऊ द्या ताई, रडतंय.’ सेविका एकच पाय सरळ करते, पाटी त्या तळव्याला टेकवते आणि घाईनं वाचते. गुडघा किंचित वाकलेलाच राहतो. परिणाम असा, की मूल खऱ्यापेक्षा आखूड भरतं. आता पुढचं नीट समजून घ्या, कारण बऱ्याच प्रशिक्षणांत हे सांगितलंच जात नाही. आखूड भरलेलं मूल ‘खुजं’ म्हणून नोंदलं जातं, पण त्याच वेळी ‘लुकडं’ नाही असंही दिसतं, कारण कमी लांबीला तेवढं वजन पुरेसं वाटतं. एकाच चुकीनं नसलेला खुजेपणा तयार होतो आणि असलेला लुकडेपणा लपतो. ज्या मुलाला आज उपचार हवेत, नेमकं तेच यादीबाहेर राहतं. अगदी नवजात बाळाचे पाय मात्र पूर्ण सरळ होत नाहीत. तिथे जोर करायचा नाही, हलक्या दाबानं जेवढे होतील तेवढेच.

उभं करून मोजताना उलट दिशेची चूक होते. मूल टाचा उचलतं, केसांचा अंबाडा पाटीखाली येतो, आणि उंची वाढते. टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागतायत का ते खालून वर बघत जायचं. गुटगुटीत मुलाचे पाचही भाग एकदम टेकत नाहीत, तेव्हा हट्ट धरायचा नाही. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. भिंतीवरचं उंचीमापक बसवतानाच चुकलं असेल तर मात्र सेविकेचं सगळं कौशल्य वाया. खात्री करायला टेपची पाटी जमिनीपर्यंत ओढायची. तिथे शून्य दिसायला हवं. दीड सेंटिमीटर दिसत असेल, तर त्या अंगणवाडीतलं दोन वर्षांवरचं प्रत्येक मूल दीड सेंटिमीटरनं चुकीचं आहे, आणि तेही दर महिन्याला.

आणखी एक बारकावा. तेच मूल झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला नाइलाजानं उभं करून मोजलं तर ०.७ मिळवायचे. दोन वर्षांवरचं मूल उभंच राहत नसेल आणि झोपवून मोजलं तर ०.७ वजा करायचे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे दुसऱ्या वाढदिवसाच्या महिन्यात कितीतरी मुलं कागदावर एकदम ‘आखूड’ झाल्यासारखी वाटतात.

वजनकाटा खोटं बोलत नाही, पण वाळे बोलतात

वजन त्यामानानं सोपं. तरीही काटा डुगडुगणाऱ्या फरशीवर असतो, शून्य न करताच मूल ठेवलं जातं, थंडीत स्वेटर तसाच राहतो, लंगोट ओला असतो, पायात चांदीचे वाळे, कमरेला करगोटा. सगळं मिळून दोन-तीनशे ग्रॅम सहज होतात, आणि वर पाहिलंच, की रेषा दीडशे ग्रॅमनं हलते. काटा बरोबर आहे का हे बघायला रेशन दुकानातलं शिक्का मारलेलं लोखंडी वजन ठेवून पाहावं. २ किलोचं वजन २.१ दाखवत असेल तर त्या दिवशी मुलं मोजू नयेत.

मूल काट्यावर राहतच नसेल तर आईचं आधी एकटीचं वजन, मग मुलासकट, आणि वजाबाकी. काही काट्यांवर आई उभी असतानाच शून्य करायचं बटण असतं. आईनं मधे पर्स उचलली की संपलं.

दंडाचा घेर मोजायची पट्टी ही तिसरी वस्तू. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. डावा दंड. कोपर वाकवून खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजायचं, बरोबर मधोमध पेनानं खूण करायची, मग हात मोकळा सोडून पट्टी गुंडाळायची. पट्टीनं कातडीला सुरकुती पडली तर ती घट्ट, खालून बोट जात असेल तर सैल. ११.५ सेंटिमीटरच्या आत घेर म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मॅम. मध्यबिंदू न काढता ‘साधारण इथे’ म्हणून पट्टी लावणं ही इथली नेहमीची चूक.

चौथी गोष्ट मोजायची नसून दाबायची असते. दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबायचं. दोन्हीकडे खळगा पडून राहिला तर ती सूज, आणि सूज असलेलं मूल काट्यावर कितीही भरो, ते सॅमच. पाणी साठल्यानं वजन उलट चांगलं दिसतं. अशा मुलाला गावात ठेवायचं नसतं, दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं असतं. ॲपमध्ये वजन-उंची टाकून हिरवा रंग आला म्हणून समाधान मानणाऱ्याला हे मूल कधीच सापडणार नाही.

मग हे एकदा शिकवून भागत का नाही?

कारण भाकरी थापणं व्याख्यान ऐकून येत नाही. हे माहितीचं काम नाही, हाताचं आहे.

आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली उतरतं. राज्य पातळीवरचे प्रशिक्षक जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना आणि पर्यवेक्षिकांना शिकवतात, त्या सेविकांना. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ या केंद्राच्या कार्यक्रमातही वरच्या फळीला दोन दिवस आणि सेविकांना तीन दिवस अशीच मांडणी होती. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. एवढ्या जणींपर्यंत पोचायला दुसरा रस्ता नाही हे खरं. पण प्रत्येक पायरीवर ताकात पाणी पडत जातं. वरच्या पातळीवर खरं मूल आणून फळीवर झोपवलेलं असतं. दुसऱ्या पायरीला बाहुली येते. तिसऱ्या पायरीला पडद्यावरचा फोटो उरतो, आणि सव्वाशे सेविकांच्या सभागृहात मागच्या रांगेला तोही दिसत नाही. चहा, सह्या, गटफोटो आणि प्रशिक्षण संपलं.

शिवाय हाताला आलेली कला वापरली नाही तर विरते, आणि चुकीची वापरली तर पक्की होते. दुसरं जास्त वाईट. सेविका महिन्याला चाळीस-पन्नास मुलं मोजते. गुडघा वाकलेला राहतोय हे तिला कुणी सांगितलंच नाही, तर वर्षभरात ती चूक तिच्या हातात कितीतरी वेळा घोटली जाते.

याला उपाय म्हणून पोषण अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत थोडं-थोडं शिकण्याची पद्धत आणली गेली. एकूण २१ छोटे पाठ, दर महिन्याच्या बीट बैठकीत (बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा गट) एक विषय, त्या महिन्यात तेच करून बघायचं, पुढच्या बैठकीत काय अडलं ते बोलायचं. कमी वजनाच्या बाळाची ओळख आणि काळजी, सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार, गृहभेटींचं नियोजन असे विषय. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. अडचण एवढीच, की बैठकीचा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो आणि पाठ शेवटच्या दहा मिनिटांत वाचून दाखवला जातो.

मोजणीसाठी मात्र एक जुनी, स्वस्त आणि निर्दय कसोटी आहे. तिला प्रमाणीकरण म्हणतात. दहा मुलं बोलवायची. प्रत्येक सेविकेनं दहाही मुलं मोजायची, आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मग तासाभरानं, पहिले आकडे न बघता, तीच दहा मुलं पुन्हा मोजायची. तिकडे एक अनुभवी व्यक्तीही तीच मुलं मोजते. आता दोन गोष्टी कळतात. सेविकेचे स्वतःचे दोन आकडे आपसात जुळत नसतील तर हात स्थिर नाही, म्हणजे घाई किंवा पकड चुकतेय. स्वतःशी जुळतात पण अनुभवी व्यक्तीपेक्षा सतत कमी येतात, तर पद्धतच चुकीची शिकली गेलीय. दोन्हींचे इलाज वेगळे. सगळ्यांना पुन्हा तीच चित्रफीत दाखवून यातलं काहीच सुटत नाही.

किती फरक चालतो? ज्या अभ्यासावरून २००६ चे तक्ते आले, त्यात दोन मोजणाऱ्यांमधला फरक वजनात १०० ग्रॅम, लांबी-उंचीत ७ मिलिमीटर आणि दंडाच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर दोघांनीही पुन्हा मोजायचं असा नियम होता. आपल्या बीटमध्येही हाच नियम लावायला काही खर्च येत नाही. दहा मुलं, एक फळी, अर्धा दिवस आणि मुलांना वाटायला केळी.

पर्यवेक्षिकांसाठी एक युक्ती. रजिस्टरमधल्या शंभर मुलांच्या उंचीचा फक्त शेवटचा आकडा बघा, दशांश चिन्हानंतरचा. खरोखर मोजलं असेल तर ० ते ९ हे आकडे साधारण दहा-दहा वेळा यायला हवेत. ० आणि ५ मिळूनच साठ-सत्तर वेळा येत असतील, तर तिथे मिलिमीटर वाचले जात नाहीत, अंदाज लिहिला जातोय. कुणावर न ओरडता कळणारी ही गोष्ट आहे. पुढची भेट त्या अंगणवाडीला द्यायची, आणि रजिस्टर बघायला नाही, मोजणीच्या दिवशी फळीशेजारी बसायला.

‘एवढं बारीक काम कमी शिकलेल्या बायकांना कसं जमणार?’

याचं उत्तर गडचिरोलीनं केव्हाच दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत जेमतेम पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, आणि त्यावर इंजेक्शनसकट उपचार. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. आज देशभरातल्या आशाताई बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या गृहभेटींचं मूळ या कामात आहे.

तिथलं एक साधन तर शिकवण्याची कला काय असते ते दाखवणारं आहे. न्यूमोनिया ओळखायला मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजताच येत नाही तिनं काय करायचं? तिच्यासाठी श्वासमोजणीचं एक यंत्र बनवलं गेलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. शिकणारीला बदलण्याऐवजी काम तिच्या हातात बसेल असं घडवलं. आपल्या बहुतेक प्रशिक्षण पुस्तिकांत याच्या उलट होतं.

‘मोबाइलवर फोटो काढून उंची कळेल की!’

अशा प्रणाली तयार होतायत आणि पुढे कदाचित उपयोगी पडतीलही. पण रडणारं, वळवळणारं बाळ सरळ ठेवणं हे फोटोसाठीही लागतंच. आणि पायाची सूज फोटोत दाबता येत नाही. डिजिटल काट्यांनी वाचण्यातली चूक कमी केली, ओल्या लंगोटाची नाही. ॲपनं तक्त्यात बोट ठेवून रेषा शोधायचं किचकट काम संपवलं, हा मोठा फायदा. पण त्याच्याकडे जाणारा आकडा चुकीचा असेल तर तो चुकीचा रंग झटकन आणि ठासून दाखवतो. जन्मतारखेचंही तसंच. आईच्या आठवणीवर ‘दिवाळीच्या आसपास’ असं टाकलं की वयावर आधारलेले दोन्ही निष्कर्ष कोसळतात. जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड बघूनच तारीख भरायची.

‘आकडे खरे दिले तर बोलणी कोण खाणार?’

हा प्रश्न सभागृहात कुणी हात वर करून विचारत नाही, चहाच्या वेळी विचारतात. आणि तोच सगळ्यात खरा आहे. ज्या बीटमध्ये सॅम मुलं जास्त निघतात, त्या बीटला बैठकीत उभं केलं जातं. ‘गेल्या महिन्यात चार होती, आता नऊ कशी? काम करता की नाही?’ चांगलं मोजायला शिकलेल्या सेविकेची यादी आधी वाढणारच, कारण लपलेली मुलं दिसू लागतात. प्रशिक्षणाचं हे पहिलं यश असतं आणि त्याचीच शिक्षा मिळते. मग पुढच्या महिन्यात शंभर-दोनशे ग्रॅम ‘वाढवून’ लिहिले जातात. सुरुवातीच्या ‘मग बदललं काय?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी गुडघ्यात नसतं, या दोनशे ग्रॅममध्ये असतं.

हे प्रशिक्षणानं सुटणारं नाही. प्रशिक्षण हाताला शिकवतं, भीतीला नाही. बैठकीत विचारायचं तर ‘नऊ सापडली, त्यातल्या किती जणांची भूक तपासली, किती केंद्रात गेली, किती बरी होऊन आली’ हे विचारावं. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या असतात, आणि तिचा स्वतःचा दिवस अहवालांत जातो. तिला फळीशेजारी बसायला वेळ मिळाला, तर तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा तो जास्त कामाचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मानधनाचा मुद्दा याहून वेगळा आणि मोठा. त्यावर इथे दोन ओळीत बोलणं त्याचा अपमान होईल.

‘पण अंगणवाडी बंद राहते त्याचं काय?’

रास्त तक्रार. म्हणूनच सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्याऐवजी शेजारच्या दोन अंगणवाड्यांनी आलटून-पालटून जायचं, आणि मदतनीस ताईंनाही शिकवायचं. डोकं धरणारे हात त्यांचेच असतात, तरी प्रशिक्षणाला त्यांना क्वचितच बोलावतात. निम्मी मोजणी जिच्या हातात, तीच न शिकलेली.

हाताची कला वापरली नाही तर विरते, हा नियम दवाखान्यातही लागू आहे, हे जाता जाता सांगायला हवं. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात तोंडावर मुखवटा ठेवून, फुगा दाबून श्वास द्यायला नर्सताई शिकलेल्या असतात, मिनिटाला ४० ते ६० या गतीनं. पण लहान केंद्रात असं बाळ महिनोन्महिने येत नाही. ज्या केंद्रांत प्रसूतिगृहातच बाहुली ठेवलेली असते आणि कामाची पाळी सुरू होताना तिच्यावर पाच मिनिटं सराव केला जातो, तिथे ऐनवेळी मुखवटा गालावरून घसरत नाही.

मोजणीच्या दिवशी आईबापांनी काय बघावं

मुलाचा स्वेटर, टोपी, वाळे, चपला आपणच काढून ठेवाव्यात. लंगोट कोरडा असावा. काट्यावर आधी शून्य दिसतंय का ते बघावं. झोपवून मोजताना दोन जणी असाव्यात, एकटीनं मोजलेली लांबी मानू नये. दुसऱ्या ताई जागेवर नसतील तर त्या येईपर्यंत थांबावं. जुलाब-ताप नुकताच होऊन गेला असेल तर आधीच सांगावं. आकडा कार्डावर लिहून घ्यावा, नुसता रंग नको. आणि मागच्या महिन्यापेक्षा लांबी कमी भरली असेल, तर तिथल्या तिथे म्हणावं, ‘ताई, एकदा परत घ्या ना.’ महिन्याभरात मूल आखूड होत नाही, त्यामुळे पुन्हा फळीवर ठेवायला कुठल्याही चांगल्या सेविकेची ना नसते.